मटणाच्या पंगतीत काकडी मागितली तर कुणाचं काय जातं?

मंगळवारपेठकरीण
काल इथं एका दादांनी लिहिलं की यात्रेच्या, जावळाच्या जेवणाला येऊन "रस्सा नको, डाएट आहे" म्हणणाऱ्यांना पुढच्या वेळेला बोलवूच नये. घरची माणसं पहाटेपासून खोबरं-तीळ-खसखस भाजून मसाला वाटतात आणि हे लोक काकडी चघळत बसतात, हा घराचा अपमान आहे म्हणे. खाली टाळ्यांचा नुसता पाऊस. मला दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा काढतेय.

गेल्या वर्षी माझा एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ६.१ आला. आईला डायबेटिस, आजीचा पाय त्यातच गेला. मग माझ्यापुरतं ठरवलं: भात निम्मा, साखर-गूळ बंद, मिसळ खाल्ली तर कट बाजूला, रात्रीचं जेवण लवकर. एकालाही शिकवायला गेले नाही. पण सगळ्यांचे डोळे माझ्या ताटात. "वाळलीस किती!" "नवरा जेवायला घालत नाही काय?" "एवढं करून काय शंभर वर्षं जगणार हायस?" नणंदेकडं जावळाला पांढऱ्या रश्श्याची वाटी नको म्हटलं, तर आत्यासासूबाई अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा बोलल्या, "श्रीमंतांची थेरं." काकडी मटणापेक्षा महाग कधी झाली हो?

आता पुढचं ऐका. त्याच पंगतीत माझे चुलत दीर, माळकरी. त्यांच्यासाठी वेगळ्या पातेल्यात आमटी, वेगळी पळी, बसायला वेगळा कोपरा. जाऊबाईंचा सोमवार, त्यांना साबुदाण्याची खिचडी. कुणी ब्र काढला नाही. म्हणजे आपल्याकडं नको म्हणायला परवानगी आहे, फक्त त्यावर विठोबाची नाहीतर महादेवाची सही लागते. फारतर डॉक्टरची चालते. बाईनं स्वतःच्या सहीनं नको म्हटलं की ती थेरं.

तुम्ही अशा वेळी काय करता ते सांगा. आणि "अगं साखर नाही, गूळ घातलाय" म्हणून पोळी पुढं सरकवणाऱ्यांनी कृपया लांब राहावं. गूळ म्हणजे साखरच.

बावडेकर
ती पोस्ट माझी. त्यामुळं शिव्या थेट मला घाला, "एक दादा" कशाला? पण ताई, तुम्ही अर्धीच वाचलीय. खाऊ नका असं मी म्हटलंच नाही, तोंड वाकडं करू नका म्हटलंय. गेल्या आखाडात पुण्याचा मावसभाऊ आलेला. आईनं दिवसभर राबून तांबडा-पांढरा केला. हा वाटीतला तवंग चमच्यानं काढून ताटाच्या कडेला ठेवालाय आणि फोनवर कॅलरी मोजालाय. आई दुसऱ्या दिवशी मला विचारती, "मीठ जास्त झालंतं काय रे?" सांगा आता, कुणाचं काय गेलं?

मंगळवारपेठकरीण
तुमच्या मावसभावाचा हिशोब माझ्या नावावर का? मी तवंग काढत नाही, कॅलरी मोजत नाही. वाढायच्या आधी हात आडवा धरते, एवढंच.

बावडेकर
हात आडवा धरणं पण दिसतंयच की पंगतीत.

जुना पैलवान
आमचे आजोबा मोतीबाग तालमीत होते. बदामाची थंडाई, लोणी, मटण, गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध. नव्वदी गाठली. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं मैदान बांधलं ते काय काकडी खाणाऱ्यांसाठी? ह्या मातीत जन्मून रश्श्याला भ्यायचं म्हणजे अवघड हाय भावा.

रंकाळ्याचा वारा
@जुना पैलवान आजोबा पहाटे उठून किती जोर-बैठका मारायचे ते पण लिवा की. तुम्ही सकाळी गाडीवरनं दूध आणायला जाता. आजोबांचा खुराक तेवढा घेतला, मेहनत तालमीतच राहिली. आणि तुमची शुगर किती आहे ते मला म्हाईत हाय, तोंड उघडायला लावू नका.

जुना पैलवान
घरातल्या गोष्टी इथं काढायच्या नाहीत. भेटा मिरजकर तिकटीला.

गुळव्या (पन्हाळा)
रश्श्याचं तुमचं चालू दे. "गूळ म्हणजे साखरच" हे वाक्य मात्र ताईंनी मागं घ्यावं. तीन पिढ्या आमचं गुऱ्हाळ. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय, म्हणजे त्या भागाच्या खास मालाचा सरकारी शिक्का, मिळालाय, तो काय उगंच? काहिलीत रस तापायला लागला की भेंडीचा रस टाकून मळी काढायची, चुलवाणात चिपाडाचा जाळ कमी-जास्त करायचा, आणि नेमका कुठल्या क्षणाला काहील उतरवायची ते गुळव्याच्या डोळ्यात असतंय. साखर कारखान्यात काय होतंय? सगळं काढून टाकून पांढरा खडा हातात. दोन्ही एकच म्हणणाऱ्यानं एकदा काहिलीशेजारी उभं राहून दाखवावं.

आहारतज्ज्ञ, राजारामपुरी
गुळव्या दादा, कष्टांबद्दल दुमत नाही. पण शरीर कष्ट बघून साखर वाढवत नाही. १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास कॅलरी, गुळात साडेतीनशे ते पावणेचारशे. गुळात लोह आणि इतर खनिजं असतात हे खरं, पण रोजची लोहाची गरज त्यावर भागवायची तर एवढा गूळ खावा लागेल की शुगर आधी हाताबाहेर जाईल. ज्यांचा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ मध्ये, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर आहे, जशा धागा काढणाऱ्या ताई, त्यांना दोन्ही सारखंच जपून.

हे "एका दिवसानं काय होतंय" म्हणणाऱ्यांसाठी: आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात देशात डायबेटिसचे १०.१ कोटी आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले १३.६ कोटी लोक धरलेत. माझ्याकडं येणारा प्रत्येकजण पहिल्यांदा हेच सांगतो, "मॅडम, साखर सोडली, आता गुळाचा चहा पितो." दिवसातून चार कप.

गुळव्या (पन्हाळा)
म्हणजे आता डॉक्टर लोकांनी ऊस पण बंद करा. शेतकरी मेला तरी चालंल.

शाहूपुरीतला
दादा, शेतकऱ्याला मधी आणू नका. तुमच्याच गुळात साखर मिसळतात हे मार्केट यार्डात कुणाला ठाऊक नाही? आणि हायड्रॉस (रंग उजळवायचं केमिकल) मारून पिवळाधमक कोण करतंय? मग "गूळ म्हणजे साखरच" हे ताईंचं वाक्य काही ठिकाणी शब्दशः खरं हाय 😄

गुळव्या (पन्हाळा)
मिसळणारे हैत, नाही म्हणत नाही. पण पिवळा गूळ मागतंय कोण? तुम्हीच. आमच्याकडं बिनकेमिकलचा काळपट रवा (गुळाची ढेप) ठेवला की गिऱ्हाईक नाक मुरडून पुढं जातंय. तोच गूळ पुण्यात सेंद्रिय म्हणून खोक्यात घातला की दुप्पट दरानं घेता. व्यापारी रंग बघून दर पाडणार, गिऱ्हाईक रंग बघून उचलणार, आणि बदनाम गुऱ्हाळवाला. भोवतीची गुऱ्हाळं एकामागनं एक बंद पडली ती उगं नाहीत. गुळव्या मिळत नाही, मजूर मिळत नाहीत, ऊस सगळा कारखान्याला. आणि वरनं हे.

शाहूपुरीतला
रंगाचा मुद्दा मान्य. साखर मिसळण्याचा नाही. ती पण गिऱ्हाईकानंच मागितली काय?

वैतागलेली सून
गूळ-साखर झालं असेल तर मी जरा बोलू? ताई, टोमणे वाईटच. पण दुसरी बाजू कुणी लिहिनाच. माझ्या नवऱ्यानं जानेवारीत डाएट सुरू केलं. म्हणजे त्यानं ठरवलं, आणि करते मी. त्याला नाचणीची भाकरी, सासऱ्यांना ज्वारीची, मुलांना चपाती. त्याची भाजी बिनतेलाची वेगळी, मोड आलेले मूग वेगळे. सासूबाई त्याला नाही बोलत, मला बोलतात: "पोराला उपाशी मारतीस." तो सगळ्यांना सांगत हिंडतो, "विलपॉवर पाहिजे." नाचणीची भाकरी थापताना मोडते तेव्हा कुणाची विलपॉवर लागते हो?

सायकलवाला कळंबा
वहिनी, निदान तो प्रयत्न तरी करालाय. बायकाच साथ देणार नसतील तर पुरुषांनी काय करायचं?

वैतागलेली सून
पीठ मळायचं. दुसरं काय.

मंगळवारपेठकरीण
@सायकलवाला कळंबा तुम्ही सकाळी विद्यापीठाच्या रस्त्याला सायकल मारून येता, मग मूग कोण भिजत घालतं?

सायकलवाला कळंबा
आमच्यात आईच बघते सगळं. तिला आवडतं करायला.

वैतागलेली सून
विचारलंयसा कधी तिला?

सायकलवाला कळंबा
ताईंच्या जावळाच्या पंगतीवरनं माझ्या आईवर कसं काय आलं हे? इथं बोलण्यात अर्थच नाही.

गोल गरगरीत
मी जाड आहे, म्हणून माझा अनुभव उलटा. मी कोशिंबीर घेतली की "आता सुचलं होय!" आणि मटण घेतलं की "बास की गं, किती." एकाच पंगतीत, एकाच मावशीकडून दोन्ही ऐकलंय. आता मी ठरवलंय की काहीही खाल्लं तरी बोलणारच आहेत, तर निदान हाड फोडून नळी तरी खावी. धागाकर्त्या ताई, एक विनंती: तुमच्यासारखी बारीक माणसं "मी भात सोडला" म्हणाली की लोक लगेच वळून माझ्याकडं बघतात. तुमचा दोष नाही, पण बघतात.

मंगळवारपेठकरीण
@गोल गरगरीत हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या मावशींना माझ्या आत्यासासूबाईंकडं पाठवा, दोघींची जोडी जमेल.

गंगावेशीतले काका
वयानं मोठा आहे म्हणून उपाय सांगतो. पंगतीत वाटी रिकामी ठेवायची नाही. रिकामी वाटी दिसली की वाढपी भरणारच, त्याचा दोष नाही, त्याचं काम आहे ते. दोन पळ्या रस्सा घ्यायचा, भाकरी बुडवत बुडवत शेवटपर्यंत पुरवायचा, आणि यजमानीणबाईंना आधीच आत जाऊन सांगायचं, "वैनी, वास काय सुटलाय!" त्यांना तेवढंच पाहिजे असतं. अगदीच अंगावर आलं तर "पित्त झालंय" म्हणायचं. कोल्हापुरात पित्तावर कुणी वाद घालत नाही.

रंकाळ्याचा वारा
काका, पित्त म्हटलं की दहा जण औषध सांगतात. कोकम घे, आवळा घे, थंड दूध घे. त्यापेक्षा रस्सा पिऊन मोकळं व्हावं.

आणि रंकाळ्यावर चालणाऱ्यांचा विषय निघालाच पाहिजे. चार फेऱ्या मारून जी टोळी मिसळीच्या दुकानात जाऊन जादा कट मागते, तीच "डाएट फिएट खूळ हाय" म्हणण्यात सगळ्यात पुढं. नावं घेत नाही, इथंच हैत.

मंगळवारपेठकरीण
काका, तुमचा वाटीचा उपाय करून बघीन, चांगला आहे. पण पित्ताचं पटत नाही. मी का खोटं बोलू? ज्याला बोलायचंय त्यानं गप्प बसायचं सोडून मीच कारण शोधायचं. पित्त झालं, डॉक्टरनं सांगितलं, उपास आहे. "मला नको" एवढं पुरेसं का नाही?

बावडेकर
पुरेसं आहे की. कोण म्हणतंय नाही. पण दोन तास चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला "मला नको" चं "तुझं मला नको" असं ऐकू येतं. त्या माळकऱ्याचं नको असं ऐकू येत नाही, कारण तो कुणाच्याच घरी खात नाही. तुम्ही घरी मटण खाता, हे माहीत आहे ना सगळ्यांना?

मंगळवारपेठकरीण
खाते. रविवारी, मोजकं. आणि हे तुमचं पहिलं वाक्य ज्यावर मला थांबून विचार करावा लागला. पण मग चुलीपाशी उभ्या बाईची एवढी काळजी असेल तर पुढच्या आखाडात तुम्ही वाटा मसाला. आईला बसवा पंगतीत.

बावडेकर
मसाला मिक्सरला वाटतोय मीच. विचारा आईला.

वैतागलेली सून
मिक्सर धुतं कोण?

बावडेकर
😐

बरं, आखाडाला या सगळे. ताईंना काकडी मिळेल, चिरून, तिखट-मीठ लावून. टोमणा एक तरी मारणार, त्याशिवाय मला जेवण जात नाही.

जुना पैलवान
मी येणार. माझ्या वाटीत तर्री जादा. आणि रंकाळ्याच्या वाऱ्याला माझ्यापासून लांब बसवा.

गुळव्या (पन्हाळा)
मलाही बोलवा, मोकळ्या हातानं येणार नाही. घरची काकवी आणतो, बिनकेमिकलची, रंग बघून घाबरू नका. आहारतज्ज्ञ मॅडम, ती पातळ असती. ती पण साखरच काय?

आहारतज्ज्ञ, राजारामपुरी
होय.