१ नोव्हेंबर : तुमच्या घरातल्या कागदांवर कोणतं राज्य आहे?

वडगावची_लेक
काल आजीची ट्रंक उघडली. ती जाऊन वर्ष झालं, हात लावायचं धाडस होत नव्हतं. तळाशी तिचा मराठी सातवीचा दाखला सापडला, १९५१ चा. वर 'मुंबई राज्य'. मग मला सुचलं आणि सगळ्यांचेच कागद काढले. आईचा दाखला १९७० चा, त्यावर 'म्हैसूर राज्य'. माझ्या दाखल्यावर 'कर्नाटक', गाव 'बेळगाव'. लेकीचा जन्मदाखला २०१५ चा, त्यावर 'बेळगावी'. चौघीही बेळगावच्या वडगावातल्याच. आई एकुलती एक, बाबा घरजावई, त्यामुळे घरही तेच.

आणि हे तिन्ही बदल १ नोव्हेंबरलाच झालेत. १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरला गेला, १९७३ ला म्हैसूरचं कर्नाटक झालं, २०१४ ला बेळगावचं बेळगावी. आजी त्या दिवशी संध्याकाळी उंबऱ्यावर बसून राहायची, दिवा लावायलाही आईला सांगायची. का, ते मी कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

तुमच्याकडे हा दिवस कसा जायचा? लिहा.

निपाणकर
आजोबांच्या पेन्शनच्या कागदावरपण मुंबई राज्य होतं. एका ऑफिसात क्लार्क म्हणाला, "मुंबईत जन्मलेत तर मुंबईचा दाखला आणा." आजोबा उभ्या जन्मात मुंबईला गेले नव्हते. चार खेपा घातल्या. ऐंशीव्या वर्षी, काठी टेकत. अजून आठवलं की पोटात ढवळतं.

चंदगडची_माहेरवाशीण
आमचा चंदगड तालुका तेव्हा बेळगाव जिल्ह्यातच होता. त्या दिवशी सगळा जिल्हा तिकडं गेला आणि एवढा एक तालुका मुंबई राज्यात राहिला. आजी म्हणायची, वाटणीत एक भांडं इकडं राहिलं. तरी बाजार बेळगावचाच, लग्नाचा बस्ता बेळगावातच, बाळंतपणंसुद्धा तिथंच. माझ्या दोन्ही भावांचा जन्म कर्नाटकातला, शाळा महाराष्ट्रातली. फॉर्म भरताना दर वेळी कोणीतरी मान वर करून बघतंच. जाते, कुकर लावलाय.

उद्यमबाग_ड्रायव्हर
आमच्यात कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची फेरी. बाबांच्या सायकलीच्या कॅरिअरवर मी, दोघांच्या दंडाला काळी फीत. "बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे." पाच-सहा वर्षांचा होतो. बेळगाव ठावं, निपाणीला आत्या. भालकी कुठं ते ठाऊक न्हवतं, पण सगळ्यात मोठ्यानं तेच ओरडायचो, तोंडात बसायचं म्हणून.

पुढं गाडीवर लागलो. एकदा कारखान्याचा माल घेऊन बिदरकडं गेलतो, पहाटे बोर्ड दिसला, भालकी. गाडी कडेला घेतली. हातच चालंनात. बाबांना फोन लावला, म्हटलं भालकीत हाय. ते लई वेळ काय बोललेच न्हाईत. मग म्हणाले, "तिथं मराठी बोलतात काय रे अजून?" चहावाल्यानं तेवढ्यात मराठीतच विचारलं, साखर कमी काय. फोन तसाच त्याच्याकडं दिला. दोघं पाच मिनिटं बोलूलालेत, पावसाचं, तुरीचं.

बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. अजून सीमेचा खटला सुप्रीम कोर्टात हाय, २००४ पासनं.

वडगावची_लेक
दादा, हे वाचून भाजी करपली माझी. चालेल.

टिळकवाडी_दुसरं_गेट
चहावाल्याला फोन दिला 😢

दोन्हीकडची
आमची आई कन्नड, बाबा मराठी. सकाळी बाबा काळी फीत बांधून फेरीला, मामा कन्नडचा लाल-पिवळा झेंडा घेऊन चन्नम्मा चौकातल्या राज्योत्सवाच्या मिरवणुकीला. दोघांचे शर्ट आदल्या रात्री आईच इस्त्री करायची. दुपारी दोघं एकाच पाटावर. मामा 'भावोजी होळगी वाढा' म्हणायचा, बाबा वाढायचे. त्या दिवशी घरात राजकारणावर अवाक्षर नाही, हा आईचा दंडक. एका वर्षी रस्त्यात दगडफेक झाली. मामा आमच्याकडेच अडकला. रात्रभर दारामागं बाबा बसून होते, मामाला झोप म्हणून. मला दोन्ही झेंडे आपलेच वाटतात, लोकांना ते समजावून सांगताना मात्र थकते.

खानापूर_रोड
माफ करा, पण कर्नाटक नाव १९५६ लाच पडलं ना?

निपाणकर
नाही हो, १९७३. देवराज अर्स मुख्यमंत्री होते तेव्हा. १९५६ ला केरळ, आंध्र, नवं मध्य प्रदेश झालं त्याच दिवशी. माझा मावसभाऊ भोपाळला असतो, त्याच्याकडे स्थापना दिवसाची रोषणाई असते. नंतर हरियाणा १९६६ ला, छत्तीसगड २००० ला, तारीख हीच.

नंदगडचा
तारखेवरनं आठवलं. आमच्या गावात २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की गुरुजी रायण्णांच्या समाधीवर न्यायचे. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना १८३१ साली त्याच तारखेला नंदगडात फाशी दिली. मराठी शाळा, कन्नड शाळा, सगळी पोरं एका रांगेत. वडाखाली गार वाटायचं. बुंदीचा लाडू हातात, पण तिथं कोणी खात नसे. थेट घरी येऊन.

टिळकवाडी_दुसरं_गेट
ताई, ते दाखले लॅमिनेट करू नका हां. आईच्या दाखल्याचं वाटोळं झालं आमच्याकडे, मागचा शिक्का गेला. फोटो काढून प्लास्टिकच्या पाकिटात सैल ठेवा.

वडगावची_लेक
नाही करत. आजीच्या दाखल्याच्या मागं पेन्सिलीनं काहीतरी मोडीत लिहिलंय. कोणाला येतं का? फोटो टाकलाय.

शहापूरचे_काका
मला येतं थोडं, वडील तलाठी होते. हिशोब दिसतोय. 'जोंधळे दोन पायली. गोडेतेल अर्धा शेर. कंदिलाची काच एक.' खाली 'शाळेची फी' आणि पुढे कोणाचं तरी नाव आहे, ते पुसट झालंय. मुलीचं वाटतं. उजेडात जरा जवळून काढा.

वडगावची_लेक
काढते काका. पोरीला शाळेतनं घेऊन आले की लगेच.