९ शाखा, १३० मशीन आणि क्रोम अपग्रेड अर्ध्यावर अडकलंय

सिस्टिमवाला_सांगली:

नमस्कार मंडळी, मी एका पतसंस्थेत सिस्टिमचं काम बघतो. मुख्य कार्यालय धरून ९ शाखा, १३० च्या आसपास मशीन, आणि बघणारा मी एकटाच. गेल्या महिन्यात ऑडिटवाल्यांनी दोन शाखांत क्रोम उघडून व्हर्जन बघितलं, एका मशीनवर १०९, शेजारच्यावर भलतंच, आणि रिपोर्टमध्ये तसं लिहून दिलं. म्हणून क्रोमची एंटरप्राइज एमएसआय (ऑफिससाठीची इन्स्टॉल फाईल) घेतली, शेअरवर म्हणजे नेटवर्कवरच्या सामाईक फोल्डरमध्ये टाकली, ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या मशीनना एका जागेवरून सेटिंग देण्याची विंडोजची सोय) सगळ्यांना असाइन केली, म्हणजे मशीन चालू होताना आपोआप बसेल अशी. चार दिवस झाले, निम्म्या मशीनवर नवीन आलंय आणि निम्म्यांवर काहीच नाही, स्टाफला विचारलं तर म्हणतात आम्ही रोज संध्याकाळी बंद करून रोज सकाळी चालू करतो.

पहिल्या दिवशी तर फार वाईट झालं. एका शाखेत पावणेदहाला बाराही मशीन एकदम चालू झाली आणि सगळ्यांनी मुख्य कार्यालयातून फाईल ओढायला घेतली, शंभर एमबीच्या वरची फाईल आणि लाईन १० एमबीपीएसची. अर्धा तास काउंटर बंद. ठेवीचं व्याज घ्यायला आलेली म्हातारी माणसं जिन्यात बसून होती, मॅनेजरांचा फोन आला तेव्हा मला काय बोलावं सुचेना.

शिवाय २२ मशीन विंडोज ७ ची आहेत, आणि कर्जाचं सॉफ्टवेअर फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालतं, कंपनी म्हणते बदल होणार नाही. कुठून सुरुवात करू?

पॅचवाला_नाशिक:

दादा, ते रोज बंद करतात हे खरं आहे, पण विंडोज १० मधलं शटडाऊन म्हणजे पूर्ण बंद नसतं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचा गाभा हायबरनेट होतो, म्हणजे आहे तसा डिस्कवर झोपतो, सकाळी तोच उठतो, आणि स्टार्टअपला व्हायचं इन्स्टॉलेशन होतच नाही. रीस्टार्ट केलं तरच खरं बूट होतं. तुझी जी निम्मी मशीन झाली ती कोणीतरी रीस्टार्ट केलेली असणार, एकदा तपासून बघ. आणि ग्रुप पॉलिसीत 'रिक्वायर यूज ऑफ फास्ट स्टार्टअप' डिसेबल केलं की काम झालं असं समजू नको, त्याने ते बंद होत नाही, रजिस्ट्रीतलं (विंडोजच्या सेटिंगचा साठा) 'हायबरबूट एनेबल्ड' ग्रुप पॉलिसीच्या प्रेफरन्समधून ० करायला लागतं. सोबत 'ऑलवेज वेट फॉर द नेटवर्क' चालू कर, नाहीतर नेटवर्क यायच्या आधीच मशीन लॉगिनवर जातं.

लाईनचं म्हणशील तर प्रत्येक शाखेत एका मशीनवर रात्री रोबोकॉपीने (विंडोजची फाईल कॉपी करायची कमांड) फाईल नेऊन ठेव आणि त्या शाखेच्या ओयूला (डोमेनमधला त्या शाखेच्या मशीनचा गट) तिथलाच पाथ दे. शेअरवर 'डोमेन कॉम्प्युटर्स'ला (डोमेनमधल्या सगळ्या मशीनचा गट) रीड परवानगी हवी, कारण इन्स्टॉल मशीनच्या खात्याने होतं, यूजरच्या नाही.

अजून एक, काही जणांनी पूर्वी स्वतःच क्रोम टाकलेलं असेल तर ते प्रोग्रॅम फाइल्समध्ये सापडणार नाही, यूजरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये बसलेलं असतं. काढताना तिथलं अख्खं गूगल फोल्डर उडवू नको. मी एकदा उडवलं होतं. बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड तिथेच 'यूजर डेटा'मध्ये असतात, अकाउंट्सवाल्या मॅडमची कित्येक वर्षांची जमवाजमव गेली आणि परत आणता आली नाही, अजून वाईट वाटतं.

एज_आणि_मी:

कर्जाच्या सॉफ्टवेअरसाठी एजचा (मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर) आयई मोड लाव, म्हणजे एजमध्येच पान इंटरनेट एक्सप्लोररसारखं उघडतं. इंटरनेट एक्सप्लोरर ११ तर १५ जून २०२२ लाच निवृत्त झालाय, पण आयई मोड निदान २०२९ पर्यंत चालू ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय आणि त्यात अ‍ॅक्टिव्हएक्स (ब्राउझरमध्ये चालणारे जुन्या पद्धतीचे छोटे प्रोग्रॅम) चालतं. या मोडमध्ये उघडायच्या साइट्सची एक एक्सएमएल यादी (ठरावीक साच्यातली फाईल) करायची, पॉलिसीत तिचा पत्ता द्यायचा, बस. लॉगिनचं पान वेगळ्या सर्व्हरवर असेल तर ते यादीत 'न्यूट्रल' (आधीचं पान ज्या मोडमध्ये, त्यातच उघडणारं) म्हणून टाक, नाहीतर लॉगिन करून माणूस पुन्हा लॉगिनवरच येतो, आमचे दोन दिवस यातच गेले. आणि यादी बदलली की एज उघडून मिनिटभर थांब, लगेच दिसलं नाही म्हणून घाबरू नको.

विंडोज ७ ला मात्र इलाज नाही. क्रोम आणि एज दोन्ही १०९ वरच थांबलेत, जानेवारी २०२३ चं व्हर्जन ते. फायरफॉक्सचं ईएसआर (जास्त काळ अपडेट मिळणारं व्हर्जन) ११५ त्यावर चालतं, पण तीही मुदतवाढीवरची सोय आहे. ती २२ मशीन बदला, आणि तोपर्यंत त्यांवर बाहेरचं इंटरनेट बंद ठेवा. संचालकांना हे लेखी द्या.

काउंटर_नंबर_३:

मी सिस्टिमची नाही, एका शाखेत काउंटरवर बसते, तरी लिहिते. आमच्याकडे एजवर नेलं तेव्हा पहिल्याच सकाळी पासबुक प्रिंटची खिडकी उघडेना, पॉपअप ब्लॉक होत होता, कोणालाच कळेना, समोर रांग. ते आधीच परवानगी देऊन ठेवा. आणि क्रोम आपोआप बंद करून उघडायची सेटिंग लावणार असाल तर दुपारी नको, टॅब परत येतात पण अर्धा भरलेला फॉर्म जातो आणि माणूस समोर उभा असतो. मार्चअखेरीला तर हातच लावू नका. आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाकल्यात तरी आम्ही सांभाळून घेतो.

पॅचवाला_नाशिक:

ताई अगदी बरोबर. 'रीलाँच नोटिफिकेशन' (क्रोम बंद करून उघडायची सूचना) सक्तीचं करता येतं, नाही बदललं तर मुदत सात दिवसांची असते, आणि 'रीलाँच विंडो'मध्ये वेळ ठरवता येते. पॉपअपसाठी 'पॉपअप्स अलाउड फॉर यूआरएल्स' आहे, क्रोम आणि एज दोन्हींत, दोन्हीकडे भर. हे लागणारच आहे रे, कारण क्रोम दिवसभर उघडं असतं तेव्हा नवीन व्हर्जन डिस्कवर येऊन बसतं पण चालत जुनंच राहतं, आणि ऑडिटवाल्याला तेच दिसतं.

सिस्टिमवाला_सांगली:

सगळ्यांचे मनापासून आभार. फास्ट स्टार्टअपच होतं! सगळ्यात लहान शाखेत ७ मशीनवर करून बघितलं, फाईल रात्रीच नेऊन ठेवली, सकाळी त्यांतली ६ मशीन झाली, सातव्यावर डिस्कच भरलेली होती, ती मोकळी केली. ताई, रीलाँच संध्याकाळी सहानंतर लावलंय आणि पासबुकचा पत्ता दोन्हीकडे टाकलाय, पहिलं पासबुक छापून होईपर्यंत मी काउंटरमागेच उभा होतो. आयई मोडमध्ये कर्जाचं लॉगिन होतंय, पण जामीनदाराचा फोटो अपलोड होत नाही, स्कॅनरचं अ‍ॅक्टिव्हएक्स दिसतंय, त्यावर कोणी काम केलं असेल तर सांगा. २२ मशीनचं कोटेशन सोमवारच्या मिटिंगला ठेवतोय.