क्रीटच्या समुद्रकिनारी ६ रात्री: रिसॉर्ट कधी, कुठे आणि कसं घ्यावं?

फेणी_आणि_फेस

घरची ५ माणसं: आम्ही दोघं, १० वर्षांची लेक आणि साबा-साबु (सासूबाई-सासरे, दोघंही सत्तरीपार). बेटाबेटांवर उड्या मारत फिरायचं नाहीये. ग्रीसला जातोय: अथेन्सला २ रात्री आणि मग क्रीट बेटावर एकाच रिसॉर्टमध्ये ६ रात्री मुक्काम, एवढंच ठरलंय. अडलंय ते इथे:

१. शाळेमुळे दोनच पर्याय आहेत, मे अखेर किंवा दिवाळीची सुट्टी (ती नोव्हेंबरात येतेय). कुठला बरा?
२. एलूंडा, हर्सोनिसोस, रेथिम्नो, हानिया यांतला कुठला भाग? साबुंना गुडघ्यांमुळे जिने झेपत नाहीत.
३. हाफ बोर्ड (नाश्ता आणि रात्रीचं जेवण) की ऑल इन्क्लुझिव (सगळं खाणंपिणं दरातच)? साबा शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही.
४. गाडी भाड्याने घ्यावी का?

---

खारा_वारा

दिवाळी विसरा. क्रीटची किनाऱ्यावरची रिसॉर्टं साधारण एप्रिल अखेरीस उघडतात आणि ऑक्टोबर संपता संपता कुलपं लावतात. नोव्हेंबरात हेराक्लिओन आणि हानिया शहरांतली हॉटेलं चालू असतात, पण किनाऱ्यावर खाटा-छत्र्या उचललेल्या, टॅव्हर्ना (ग्रीक खाणावळी) बंद आणि पाऊस सुरू झालेला.

मेचा शेवटचा आठवडा ते १० जूनच्या आसपास हा तुमच्यासाठी चांगला काळ आहे. त्यातही जूनकडे जितकं सरकता येईल तितकं सरका. हवा २५-२७ अंशांवर असते, पण समुद्र तापायला वेळ लागतो: मेच्या मध्यावर १९-२० अंश, जूनच्या सुरुवातीला २१-२२. कोकणातल्या कोमट पाण्याची सवय असलेल्याला हे पाणी गारच लागतं. लेक पाच मिनिटांत सरावेल, साबा-साबु बहुतेक घोट्यापर्यंतच उतरतील. म्हणून हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाची चौकशी आधी करा. हॉटेलच्या पानावर ‘हीटेड’ असं स्पष्ट लिहिलं नसेल तर तलाव गार आहे असंच धरून चाला. काही ठिकाणी गरम पाणी फक्त लहान मुलांच्या तलावात किंवा आतल्या स्पाच्या तलावात असतं, आणि त्या आतल्या तलावात मुलांना वेळेचं बंधन असतं.

आता भाग. बहुतेक सगळी मोठी रिसॉर्टं उत्तर किनाऱ्यावर आहेत आणि त्या किनाऱ्याचा शत्रू म्हणजे उत्तरेकडून येणारा मेल्टेमी वारा. त्याचा खरा जोर जुलै-ऑगस्टमध्ये. जूनच्या सुरुवातीला तो क्वचित त्रास देतो, पण दिलाच तर उघडा किनारा आणि आडोशाची खाडी यांतला फरक लगेच कळतो.

रेथिम्नो आणि जॉर्जिऊपोली इथली वाळू लांबलचक आणि सपाट, चालायला उत्तम. पण किनारा उघडा आहे. लाटा उठल्या की पाणी आत ओढतं, लाल बावटा लागतो. १० वर्षांच्या मुलीला तिथे एकटीला सोडू नये. मालिया तरुणांच्या रात्रभराच्या पार्ट्यांसाठी ओळखलं जातं, ते टाळा. शेजारचं स्टालिस बरंच शांत, पाणीही दूरवर उथळ. हर्सोनिसोस हेराक्लिओनच्या विमानतळापासून अर्ध्या तासाच्या आत, सोयीचं, पण गजबजलेलं.

एलूंडा देखणं आहे. समोर स्पिनालोंगा द्वीपकल्पाचा आडोसा असल्यामुळे पाणी तळ्यासारखं. पण तिथली भारी हॉटेलं डोंगरउतारावर बांधलेली. खोलीतून निळ्या पाण्याचा जो फोटो दिसतो तो उंचीमुळेच दिसतो, हे लक्षात ठेवा. वाळू थोडी, बऱ्याच ठिकाणी लाकडी फलाटावरून शिडीने पाण्यात उतरायचं. साबुंच्या गुडघ्यांना हे मानवणार नाही.

माझी पसंती हानियाच्या पश्चिमेला आया मारिना-प्लातानियास, किंवा पूर्वेला अल्मिरिदा. आया मारिनासमोर थोडोरू बेट आहे, त्यामुळे लाटांचा जोर काहीसा मोडतो. हानिया तिथून साधारण ९ किमी, बस सारख्या. अल्मिरिदा छोटं, उथळ वाळूची खाडी, पण तिथे मोठी रिसॉर्टं मोजकीच.

एक चकवा: आया मारिना आणि प्लातानियासमधून गावचा मुख्य रस्ता किनाऱ्याला समांतर जातो. ‘समुद्रापासून १५० मीटर’ लिहिलेलं हॉटेल रस्त्याच्या वरच्या, डोंगराकडच्या अंगाला असू शकतं. म्हणजे चढ, आणि वाहता रस्ता ओलांडणं आलं. नकाशात उपग्रहाचं चित्र लावून हॉटेल रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे ते बघूनच पुढचं बोला.

---

ऑलिव्हची_फांदी

जेवणाबद्दल लिहिते. ऑल इन्क्लुझिव घेऊ नका. तुमच्या पाचांत भरपूर पिणारं कोणी नसेल तर त्यासाठी हातात बांधतात त्या मनगटी पट्ट्याचे पैसे वसूल होत नाहीत, आणि दुपारी हानियात जेवलात की ते जेवण दोनदा भरल्यासारखं. हाफ बोर्ड बरोबर बसतं. फक्त एक गोष्ट विचारून घ्या: हाफ बोर्डमध्ये रात्रीच्या जेवणाबरोबरची पेयं बहुतेक वेळा धरलेली नसतात, कधी कधी पाण्याची बाटलीसुद्धा.

साबांसाठी ग्रीक जेवण उलट सोपं आहे. ऑर्थोडॉक्स चर्चचे उपास वर्षात खूप असतात आणि त्या उपासाला मांस, दूध, अंडं काहीच चालत नाही. अशा पदार्थाला ‘नीस्तीसिमो’ म्हणतात. हा एक शब्द ‘व्हेजिटेरियन’पेक्षा जास्त कामाचा आहे. मात्र उपासाला कोळंबी, माकूल चालतं, म्हणून पुढे ‘होरिस थालासिना’ (समुद्रातलं काही नको) जोडायचं.

निर्धास्त मागवा: फावा (पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल), यिगांतेस (टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे वाल), फासोलाकिया (फरसबी), ब्रियाम (भाज्यांचं भाजलेलं मिश्रण), होर्ता (उकडलेली रानभाजी, लिंबू पिळून). दाकोस हा क्रीटचा खास: जवाच्या कडक टोस्टवर टोमॅटो आणि मिझिथ्रा चीज. कवळी असेल तर तो पाच मिनिटं मुरू द्यावा. ग्रीक दही म्हणजे आपला चक्का, नाश्त्याला मधाबरोबर रोज मिळेल.

फसवणारे पदार्थ: यमिस्ता, म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची. त्यात काही ठिकाणी खिमा असतो, विचारावंच लागतं. मुसाका भाज्यांचा असला तरी वरच्या पांढऱ्या सॉसमध्ये अंडं. पालक किंवा चीज भरून भाजलेल्या ‘पाय’वर (pie) बऱ्याचदा अंडं फासलेलं. क्रीटचा लग्नातला भात, गामोपिलाफो, पांढराशुभ्र आणि निरागस दिसतो, पण शिजतो मटणाच्या रश्श्यात. साबा फारच काटेकोर असतील तर फेटा आणि ग्राव्हिएरा चीजमध्ये बहुधा प्राण्यांपासूनचं रेनेट (चीजसाठी दूध गोठवणारा अर्क) असतं, तेही सांगून ठेवते.

बुफेत पाट्या असतात, पण चिमटे एकमेकांत फिरतात. पहिल्या संध्याकाळी मुख्य वाढप्याला गाठून सांगितलं तर बहुतेक हॉटेलं वेगळी ताटली आतून पाठवतात. बुफे भरल्यावर सांगितलं तर फक्त बटाटे मिळतात.

घरून नेण्याबद्दल: युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, पनीर घरीच. फळांनाही प्रमाणपत्र लागतं, काही मोजकी सोडून (केळी, नारळ, अननस त्यांत येतात). आंबा त्यांत नाही. मे महिन्यात हापूसची पेटी घेऊन निघालात तर विमानतळावर टाकावी लागेल. मेतकूट आणि चिवडा न्या.

---

हिशेबी_प्रवासी

पैसे आणि कागद.

हॉटेलच्या दरात सहसा न धरलेला एक कर आहे, हवामान-बदल निधीचा. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबर या काळात दर खोलीमागे दर रात्री: १-२ तारांकितला २ युरो, ३ ला ५, ४ ला १०, ५ ला १५. माणशी नाही, खोलीमागे. तुमच्या दोन खोल्या, ६ रात्री: चार तारांकितला १२० युरो, पाच तारांकितला १८०. हॉटेलातच भरायचा. आणि ग्रीसमध्ये व्यावसायिकाला ५०० युरोंवरचा व्यवहार रोखीत करता येत नाही, त्यामुळे उरलेलं बिल कार्डावरच. मशीनवर ‘रुपयांत की युरोत’ विचारलं तर युरो निवडा, रुपयांतला दर नेहमीच अंगावर येतो.

दोन खोल्या का म्हणतोय: साध्या डबल खोलीत दोन मोठे आणि सोफा-कम-बेडवर एक मूल, एवढंच बसतं. ‘फॅमिली रूम’ चार जणांची असते. साबा-साबुंची खोली वेगळी घ्या, तळमजल्यावर, आणि ‘शेजारच्या किंवा एकाच इमारतीत’ हे लेखी मागा. बंगलीवजा रिसॉर्टात दोन खोल्या आवाराच्या दोन टोकांना देतात आणि मग नाश्त्याला जायचं म्हणजे वारी.

शेंगेन व्हिसा (ग्रीसला हाच लागतो): प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज घेतात, कमीत कमी १५ दिवस आधी द्यावाच लागतो. एप्रिल-मेमध्ये अपॉइंटमेंटची मारामारी असते, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत उरका. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. १२ खालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. सत्तरीपुढच्यांचा हप्ता चढा असतो आणि बीपी-मधुमेह हे आधीचे आजार वगळलेले आहेत का ते बारीक अक्षरांत बघा.

नेहमीची चूक: बुकिंगच्या साइटवरून निघालेल्या पावतीवर फक्त एकाचं नाव असतं. व्हिसासाठी पाचही नावं पासपोर्टप्रमाणे हवीत. हॉटेलला मेल केला की ते नावांचं पत्र पाठवतात. आणि व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारा दर घेऊ नका, कितीही स्वस्त दिसला तरी. रद्द करण्याची शेवटची तारीख तपासा: रिसॉर्टांत ती १४ किंवा ३० दिवस आधीची असते, शहरी हॉटेलांसारखी आदल्या दिवशीची नाही.

---

फेणी_आणि_फेस

सगळ्यांचे मनापासून आभार. एलूंडा रद्द केलं. आया मारिनाचं समुद्राच्या बाजूचं एक चार तारांकित हॉटेल पाहिलंय. आता दोन शंका. अथेन्सहून विमान की रात्रीची बोट? आणि मध्ये एक दिवस सँटोरिनी जमेल का?

---

खारा_वारा

विमान, आणि तेही हेराक्लिओनला नाही, हानियाला. हेराक्लिओनला उतरलात तर आया मारिना दीडशे किमी, अडीच तास. हानियाचा विमानतळ शहरापासून १५ किमीच्या आत. उड्डाण ५० मिनिटांच्या आसपास.

पिरेअसहून (अथेन्सचं बंदर) सुटणारी रात्रीची बोट वाईट नाही, केबिनमध्ये झोप होते. पण ती पहाटे सहाच्या सुमारास हानियाजवळच्या सूदा बंदराला लागते आणि हॉटेलची खोली मिळते दुपारी २-३ वाजता. दोन वयस्क माणसांना घेऊन आठ तास लॉबीत काढायचे का, ते तुम्हीच ठरवा.

सँटोरिनी सोडून द्या. वेगवान बोटी हेराक्लिओनहून सुटतात, पाण्यात सुमारे दोन तास. त्यात तुमचे रस्त्याचे अडीच. जाऊन-येऊन नऊ तास प्रवास, बेटावर मोजके तास, तेही गर्दीच्या बसमध्ये. वारा वाढला की बंदर अधिकारी आधी याच वेगवान बोटी थांबवतात, मोठ्या बोटी नंतर. त्याऐवजी कुर्नासचं तळं, क्रीटमधलं गोड्या पाण्याचं नैसर्गिक तळं ते हेच. हानियाच्या जुन्या बंदरावर एक संध्याकाळ. एलाफोनिसीचा किनारा हानियापासून ७५ किमी, पण वळणांचा रस्ता, दीड तास धरा आणि उलटीची गोळी आधी द्या.

हॉटेलला मेल टाकताना ‘समुद्र दिसतो का’ असं विचारू नका, ‘हो’च येतं. ‘सी व्ह्यू’ म्हणजे समोर आणि ‘साइड सी व्ह्यू’ म्हणजे गॅलरीतून मान वाकडी केल्यावर. असं विचारा: लॉबी ते खोली, खोली ते जेवणघर आणि जेवणघर ते वाळू, प्रत्येक ठिकाणी पायऱ्या किती? लिफ्ट खोल्यांच्या इमारतीला आहे की फक्त मुख्य इमारतीला? न्हाणीघरात टब आहे की सपाट शॉवर? (टबात पाय उचलून चढणं गुडघ्यांना सगळ्यात अवघड.) तलाव किती अंशांवर ठेवता? किनाऱ्यावरच्या खाटा दरात आहेत का? ग्रीसमध्ये समुद्रकिनारा सार्वजनिक असतो, ‘प्रायव्हेट बीच’ म्हणजे फक्त हॉटेलच्या छत्र्यांचा पट्टा. पुढच्या वाळूवर चटई टाकून कोणीही बसू शकतं, तुम्हीसुद्धा.

---

हिशेबी_प्रवासी

गाडीचं राहिलं. सहाही दिवस नको, दोन-तीन दिवस पुरेत. बाकी बस आणि टॅक्सी. भारतीय परवान्याबरोबर आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, निघण्याआधीच काढून ठेवा. पाच माणसं आणि पाच बॅगा छोट्या गाडीत मावत नाहीत, म्हणून विमानतळ ते हॉटेल मोठी टॅक्सी आणि गाडी हॉटेलवरून घ्या. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच सांगा, तिथे गिअरची गाडीच गृहीत धरतात. ‘फुल इन्शुरन्स’मध्येही टायर, काचा आणि गाडीचा तळ बरेचदा नसतो. बालोसच्या किनाऱ्याकडचा शेवटचा रस्ता कच्चा आहे आणि अनेक कंपन्या तिथे गाडी न्यायला मनाई करतात, टायर फाटला तर खर्च तुमचा. तिथे किस्सामोसहून बोट जाते.

महामार्गावर मागून जोरात येणाऱ्याला वाट द्यायला लोक उजवीकडच्या, रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर अर्धी गाडी घेऊन चालवतात. दचकू नका.

---

ऑलिव्हची_फांदी

कोणी बोलत नाही ते मी सांगते. क्रीटमध्ये सांडपाण्याचे पाइप अरुंद असतात, कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या झाकणाच्या डब्यात टाकायचा. सूचना भिंतीवर असते. टाकला तर तुंबतं आणि माणूस बोलवावा लागतो. जेट स्प्रे जवळजवळ कुठेच नाही. प्लास्टिकचा छोटा मग बॅगेत टाका, दोन खोल्या म्हणजे दोन.