काएना पॉइंटची वाळूची वाट: आईला घेऊन जायचंय, कुठल्या बाजूने जाऊ?

रानवेडी:
फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही हवाईत ओआहू बेटावर आहोत. मी, नवरा आणि आई. आईचं वय ६४, रोज तासभर चालते, पण उजवा गुडघा चढउतारावर कुरकुरतो. तिला एकदा तरी अल्बट्रॉस, म्हणजे तो मोठा समुद्रपक्षी, बघायचा आहे. बेटाच्या वायव्य टोकाला काएना पॉइंटच्या वाळूच्या टेकड्यांत ते घरटी करतात असं वाचलं. रस्ता कुठल्या बाजूने सोपा? वाळूत किती चालावं लागतं? आणि पक्षी साध्या डोळ्यांनी दिसतील का?

पायवाट:
मोकुलेइयाकडून, म्हणजे उत्तर किनाऱ्याकडून जा. वायनाएच्या, म्हणजे पश्चिम किनाऱ्याच्या बाजूने समुद्र जास्त सुंदर दिसतो, पण वाट दगडांची आहे आणि एका ठिकाणी लाटांनी कडाच खाल्लाय, तिथे जपून वळसा घालावा लागतो. दोन्हीकडून अंतर सारखंच, एका बाजूला साधारण ४ किलोमीटर. फक्त आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर मोकुलेइयाकडे चिखल होतो. दोन्ही टोकांना जोडणारा गाडीरस्ता नाही, तेव्हा जिथून गेलात तिथेच परत यायचं.

समुद्रफेन:
रानवेडी ताई, मी नऊ वर्षं ओआहूवर आहे आणि दरवर्षी चार-पाच वेळा तरी तिथे जाते. वर पायवाट यांनी सांगितलेलं बरोबर आहे. आईंसाठी मोकुलेइयाच. १९४७ पर्यंत या टोकाला वळसा घालून रेल्वे जायची, त्यामुळे वाट जवळपास सपाट आहे. खरी वाळू शेवटच्या टप्प्यातच लागते.

तिथे आधी एक उंच जाळीचं कुंपण दिसेल. २०११ मध्ये ते या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत घातलं. जाळी इतकी बारीक की उंदराचं पिल्लूही आत जात नाही, आणि वरची कड बाहेर वळवलेली, म्हणजे मांजर चढून जाऊ नये. मुंगूस, उंदीर, मांजरं, कुत्री यांनी जमिनीवरची अंडी-पिल्लं फस्त केली होती, त्यासाठी हा खटाटोप. दार दुहेरी आहे. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

आत गेल्यावर एकच गोष्ट डोक्यात ठेवा: आखलेली वाट सोडायची नाही. एक पाऊलही नाही. नियम आहे म्हणून सांगत नाही, माझ्या हातून झालंय म्हणून सांगते. पहिल्या वर्षी, ऑगस्टमध्ये, नौपाकाच्या झुडपाचा फोटो काढायला वाटेबाहेर दोन पावलं गेले आणि उजवा पाय एकदम गुडघ्यापर्यंत आत गेला. ते बीळ होतं. वेज-टेल्ड शिअरवॉटर नावाचे पक्षी वाळूत बोगदा खणून आत एकच अंडं घालतात, आणि ऑगस्टमध्ये आत पिल्लू असतं. दिवसा आईबाप समुद्रावर, पिल्लू एकटं अंधारात. वरून काहीही कळत नाही, नुसती सपाट वाळू. मी पालथी पडून हातांनी वाळू बाहेर ओढत राहिले. ओलसर, थंड वाळू, मुळांच्या दोऱ्या, मग बोटांना काहीतरी मऊ लागलं. राखाडी पिसांचा गोळा. हलला. मी हात काढून घेतला, बिळाचं तोंड मोकळं राहील एवढी वाळू बाजूला केली आणि मागे सरकले. तो मऊ स्पर्श अजून हाताला आठवतो.

त्या टेकड्या उभ्या आहेत त्याच मुळी झुडपांच्या मुळांवर. वारा वाळू आणतो, नौपाका ती धरून ठेवते. पूर्वी इथे गाड्या सर्रास वाळूत घालायचे. चाकांनी झुडपं उपटली, मग वाऱ्याने वाळू पळवली. गाड्या बंद झाल्यावर झाडोरा हळूहळू परत आला. नौपाकाचं फूल जवळून जरूर बघा. पाकळ्या एकाच बाजूला, कुणी अर्धं फाडून घेतल्यासारखं.

आता अल्बट्रॉस. दुर्बीण न्याच, पण साध्या डोळ्यांनीही दिसतील. पंखांचा पसारा साधारण दोन मीटर. फेब्रुवारी म्हणजे नेमकी वेळ: जानेवारीअखेरपासून अंड्यांतून पिल्लं बाहेर पडू लागतात, आणि ज्यांची जोडी जमायची आहे ते तरुण पक्षी नाचत असतात. समोरासमोर उभे राहून माना डोलावतात, चोची टकटक वाजवतात, पंखाखाली चोच खुपसतात, आणि मग मान आकाशाकडे ताणून चक्क हंबरतात. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मी गाय शोधत होते. पक्षी वाटेवरच बसलेला असला तर थांबा. पुढे सरकून त्याला उठवू नका.

पायवाट:
समुद्रफेन, बिळाबद्दल लिहिलंत ते फार चांगलं केलंत. मी भर घालतो. खडकांपाशी एखादा करडा, लांबोळका धोंडा दिसला तर आधी नीट बघा. मंक सील, म्हणजे इथला सील हा समुद्री प्राणी, असू शकतो. तो तासन्‌तास निपचित पडून झोपतो, त्यामुळे मेला की काय असं वाटतं. निदान १५ मीटर लांब राहा. आणि फेब्रुवारीत तिकडच्या लाटा प्रचंड असतात, ओल्या खडकावर पाय ठेवायचा नाही.

रानवेडी:
दोघांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, नाच बघायला मिळणार असेल तर गुडघ्याचं मी बघून घेईन. सावली कुठे मिळेल का? आणि चपला चालतील?

समुद्रफेन:
सावली अजिबात नाही. पाणीही नाही, माणशी दोन लिटर घ्या. सकाळी सातला चालायला लागा, म्हणजे उन्हं तापायच्या आत परताल. चपला नकोत, बंद बूट घाला. वाटेत तुटलेलं पोवळं आणि काटे असतात. काठी आईंना वाळूत उपयोगी पडेल, पण ती वाटेतच टेकवा, कडेच्या वाळूत नको. गाडीत काहीही दिसेल असं ठेवू नका, काचा फुटतात तिथे. टोकाला पोचल्यावर थोडा वेळ शांत बसा. मृतांचे आत्मे इथूनच पलीकडे झेप घेतात अशी हवाईच्या लोकांची श्रद्धा आहे, म्हणून तिथे मोठ्याने गाणी लावू नये. आईंना पिल्लू दिसलं तर इथे येऊन सांगा, मी वाट बघते.