उपवासकाळात सोडू तरी काय? (होस्टेल, नागपूर)

वसईची_पोर:
घर वसईला, शिकायला नागपुरात, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. आम्ही कॅथलिक. 18 फेब्रुवारी 2026 ला भस्म बुधवार आहे, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाची सुरुवात. त्या दिवशी आणि या काळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचा नियम 14 व्या वर्षापासूनच लागू होता, आता 18 पूर्ण झाल्यामुळे उपवासही आला. घरी असताना ठरवायची वेळच यायची नाही. आजी जाहीर करायची, ईस्टरपर्यंत मटण नाही, सुकट नाही. मासे चर्चला चालतात, पण आजीचा कायदा रोमपेक्षा कडक!

इथे अडचण वेगळी. आमच्या मेसला शुक्रवारी एरवीही वांग्याची भाजी आणि वरणभातच असतो. मग शुक्रवारी मी सोडलं काय? चिकन असतं बुधवारी आणि रविवारी. संकल्पांची यादी केली: इन्स्टा बंद, गोड बंद, रोज बायबल, पाच किलो वजन कमी. शेवटचं वाचून रूममेट म्हणाली, हे तर जिमचं पत्रक आहे. तुम्ही काय ठरवता?

सदरवाली:
बेटा, आधी नियम नीट समजून घे. उपवास फक्त दोन दिवस, भस्म बुधवार आणि गुड फ्रायडे. एकदा पोटभर जेवायचं, बाकी दोनदा थोडंसं, ते दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होऊ द्यायचं नाही. पाण्याला बंदी नाही. यंदा गुड फ्रायडे 3 एप्रिलला आहे, आपल्या नागपूरच्या उन्हात बाटली सोबत ठेवजो.

वजनाचं खोडून टाक, ते ईस्टरनंतर कर. बाकीच्यात मी एकच बघते: तुझ्या सोडण्यातून कोणाच्या पदरात काही पडून राहिलं का? बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचा 58 वा अध्याय वाच, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं हाच उपवास, असं तिथं सरळ लिहिलं आहे. आमच्या घरी पोरगा दरवर्षी चॉकलेट सोडतो आणि घरभर तोंड फुगवून फिरतो. त्याचा त्याग आम्ही भोगतो! तर तू कॉलेजबाहेरचे तर्री पोहे सोड, रोजचे तेवढे पैसे डब्यात टाक आणि पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यात, दानपेटीत घाल. मेसचे पैसे आगाऊ भरलेले असतात, तिथं चिकन सोडून कोणालाच काही मिळत नाही.

ऑरेंज_लाइन:
मावशी, असं कसं? बुधवारी सगळे चिकनवर तुटून पडले असताना बाजूला बसून डाळ खाणं सोपं आहे का बाप्पा? मी तर तेच सांगीन. भस्म बुधवारी बंधनच आहे, बाकीचे बुधवार तू स्वतःहून जोड. 25 मार्च मात्र बुधवारीच आला आहे, मरियेला देवदूताने दिलेल्या निरोपाचा सण. त्या दिवशी बिनधास्त खा. रविवारही उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत धरत नाहीत. भस्म बुधवार ते ईस्टरच्या आदल्या दिवसाचा पवित्र शनिवार 46 दिवस, त्यातले 6 रविवार वजा कर.

सदरवाली:
रविवारची सूट रील बघायला वापरू नको म्हणजे झालं. सहा दिवसांचं उपोषण एका दुपारी फेडणारे मी पाहिले आहेत.

वसईची_पोर:
पोह्यांचं पटलं, कारण ते सोडायला खरंच जीवावर येतंय. बुधवारचं चिकनही सोडते, आणि माझी वाटी रूममेटला. ती आताच खूश आहे, म्हणते तुमचा सण छान आहे. इन्स्टा रात्री जेवणानंतर बंद, त्या वेळात बायबलमधलं मत्तयचं शुभवर्तमान. सहावा अध्याय वाचून घाबरले मात्र: उपवास करताना तोंड धुवा, लोकांना दाखवू नका. आणि मी इथे जाहीर करून बसले!

शुक्रवारची क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना) कॅथेड्रलला, म्हणजे बिशपांच्या चर्चला करायची आहे. सीताबर्डीहून कसं यायचं?

ऑरेंज_लाइन:
मेट्रोने कस्तुरचंद पार्कला उतर, तिथून कॅथेड्रलचा भाग सदर जवळच आहे, ऑटो घे. वेळ रविवारच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) फलकावर बघून घे, परीक्षांच्या दिवसांत बदलतात.