सोसायटीच्या मीटिंगचं पीपीटी रेव्हिट मॉडेलला जोडायचंय, आकडे आपोआप बदलले पाहिजेत, तुम्ही कसं करता?

दादर_ग्रिडलाइन:

नमस्कार मंडळी. मी दादरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात आहे, आमचं बहुतेक काम रिडेव्हलपमेंटचं. इमारतीचं थ्रीडी मॉडेल रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये, एरिया स्टेटमेंट (क्षेत्रफळांचा तक्ता) एक्सेलमध्ये आणि सभासदांसमोर जातं ते पॉवरपॉइंट, म्हणजे एकच आकडा तीन ठिकाणी हाताने टाइप होतो.

गेल्या महिन्यात मुलुंडला एका सोसायटीची मीटिंग होती, ४२ सभासद, स्टिल्टमधल्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या आणि भिंतीवर पांढरी चादर लावून प्रोजेक्टर. मीटिंगच्या दोन दिवस आधी आरसीसी कन्सल्टंटच्या (स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या) सांगण्यावरून २ बीएचकेमधला एक डक्ट (पाइपांचा उभा शाफ्ट) थोडा सरकवला, कार्पेट एरिया ६०.१२ चौ.मी.चं ५९.३८ झालं, म्हणजे ६४७ चौ.फुटांचं ६३९. मी मॉडेलमधून प्लॅनची नवीन इमेज काढून स्लाइडवर लावली पण टेबल बदलायचं राहिलं. स्लाइड ११ वर प्लॅनमध्ये ६३९ आणि स्लाइड १२ वर टेबलात ६४७. पहिल्या रांगेत बसलेल्या एका काकूंच्या मांडीवर वही होती, त्यांनी दोन्ही आकडे लिहून घेतले होते. त्या उठून एवढंच म्हणाल्या, "मग आमचे आठ फूट गेले कुठे?" पुढचा पाऊण तास त्या आठ फुटांवरच गेला. लोकांना वाटलं आम्ही लपवतोय. आणि मला त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही हो, ज्या घरात ते ४० वर्षं राहिले ते पाडायला देतायत, त्यांना प्रत्येक फूट विचारायचा हक्क आहे.

तर प्रश्न असा की स्लाइडवरचे आकडे आणि प्लॅनच्या इमेज मॉडेलला जोडलेल्या ठेवता येतात का? म्हणजे मॉडेल बदललं की स्लाइडही बदलली पाहिजे. अट एकच, पॉवरपॉइंट सोडता येणार नाही कारण सर आणि पीएमसीवाले (प्रोजेक्टचे कन्सल्टंट) दोघेही त्यातच एडिट करतात.

ठाणे_बिमवाला:

ताई, येतं जोडता, आम्ही दोन वर्षं हेच वापरतोय. थेट रेव्हिट ते पॉवरपॉइंट अशी वायर नाहीये, मध्ये एक्सेल ठेवावं लागतं.

रेव्हिटमध्ये शेड्यूल (मॉडेलमधून आपोआप बनणारा तक्ता) बनवा, ते उघडं असताना फाइल, एक्स्पोर्ट, रिपोर्ट्स, शेड्यूल. टेक्स्ट फाइल मिळते. दर वेळी तेच नाव तेच फोल्डर, जुन्यावर ओव्हरराइट. एक्स्पोर्ट करण्याआधी शेड्यूलच्या फॉरमॅटिंगमध्ये जाऊन एरियाचं युनिट सिम्बॉल काढून टाका, नाहीतर "५९.३८ चौ.मी." असं सगळं एका सेलमध्ये येतं आणि एक्सेल त्याला आकडा न धरता अक्षरं धरतं, बेरीज शून्य येते आणि माणूस अर्धा दिवस डोकं धरून बसतो. राउंडिंगही तिथेच बघा कारण शेड्यूलमध्ये जसं दिसतं तसंच बाहेर येतं. पूर्ण आकड्यावर राउंड करून ठेवलं असेल तर ५९.३८ चं ५९ बाहेर पडतं, त्याला १०.७६४ ने गुणलं की ६३५ चौ.फूट, म्हणजे तुमच्या काकूंचे अजून चार फूट गेले.

मग एक्सेलमध्ये डेटा टॅबमधून ती टेक्स्ट फाइल आत घ्या, पुढच्या वेळी फक्त रिफ्रेश ऑल. पण त्या टेबलातून सरळ स्लाइडवर कॉपी करू नका!! मॉडेलमध्ये एक फ्लॅट वाढला की ओळी खाली सरकतात आणि स्लाइडवर भलत्याच फ्लॅटचा आकडा येऊन बसतो. वेगळी शीट करा, आमच्याकडे तिचं नावच "स्लाइड" आहे, तिथे प्रत्येक फ्लॅट टाइपची जागा ठरलेली आणि आकडा लुकअप फॉर्म्युल्याने टाइपच्या नावावरून उचलायचा. त्या शीटवरून कॉपी करून पॉवरपॉइंटमध्ये पेस्ट स्पेशल, पेस्ट लिंक. पुढे पीपीटी उघडलं की लिंक अपडेट करू का विचारतं, हो म्हणायचं.

इमेजचं सोपं आहे. रेव्हिटमधून व्ह्यू इमेज म्हणून काढा, त्याच नावाने, आणि पॉवरपॉइंटमध्ये चित्र टाकताना इन्सर्ट बटणाच्या बाजूच्या बाणातून इन्सर्ट अँड लिंक निवडा. नुसतं लिंक केलंत तर फाइल सापडली नाही की लाल फुली दिसते, इन्सर्ट अँड लिंकमध्ये निदान शेवटचं चित्र राहतं. व्ह्यूची क्रॉप रीजन (चित्राची कापायची चौकट) मात्र हलवायची नाही, नाहीतर नवीन चित्र जुन्या चौकटीत ताणून बसतं.

लिंक तुटते ती नव्वद टक्के वेळा पाथमुळे. पॉवरपॉइंट पूर्ण पाथ लक्षात ठेवतं, तुमच्या मशीनवर सर्व्हर झेड ड्राइव्ह आणि सरांच्या लॅपटॉपवर वाय असेल तर संपलं. फाइल, इन्फो, एडिट लिंक्स टू फाइल्स, तिथे प्रत्येक लिंकचा पाथ दिसतो आणि बदलताही येतो.

चेंबूर_स्केचअप:

रेव्हिट नसणाऱ्यांसाठी लिहितोय, लहान ऑफिसं बरीच स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरवर आहेत. त्यात लेआउट नावाचं पानं मांडायचं सॉफ्टवेअर येतं प्रो व्हर्जनबरोबर, ते मुळातच यासाठी बनवलंय. स्केचअपमध्ये सीन (ठरवून ठेवलेले कॅमेऱ्याचे कोन) करून ठेवायचे, लेआउटच्या प्रत्येक पानावर एकेक सीन लावायचा, मॉडेल बदललं की डॉक्युमेंट सेटअप मधल्या रेफरन्सेसमध्ये जाऊन अपडेट. सगळी पानं बदलतात. स्टार्ट प्रेझेंटेशन केलं की पूर्ण स्क्रीनवर दिसतं आणि बोलता बोलता पानावर खुणाही करता येतात, कोणी विचारलं "किचनची खिडकी कुठली?" की तिथल्या तिथे गोल काढायचा, लोकांना फार आवडतं ते.

एक सांभाळा, लेआउटमध्ये व्ह्यूवर डबल क्लिक करून मॉडेल जरासं जरी फिरवलं तरी त्या पानाचा कॅमेरा सीनपासून सुटतो, मग स्केचअपमध्ये सीन कितीही नीट करा ते पान ऐकत नाही. आमच्याकडे नवीन मुलांना पहिल्या दिवशी हेच सांगतो, फिरवायचं ते स्केचअपमध्ये, लेआउटमध्ये हात लावायचा नाही.

पण तुमच्या सरांना पॉवरपॉइंटच हवं असेल तर हे तुमच्या कामाचं नाही, मान्य.

अंधेरी_डॅशबोर्ड:

स्पेकल बघितलंय का? मॉडेलचा डेटा एका सॉफ्टवेअरमधून दुसरीकडे नेणारं, ओपन सोर्स आहे, रेव्हिट, स्केचअप, ऱ्हायनो सगळ्यांचे कनेक्टर आहेत, मॉडेल पाठवलं की ब्राउझरमध्ये दिसतं, पॉवर बीआयमध्येही (मायक्रोसॉफ्टचं डॅशबोर्डचं सॉफ्टवेअर) घेता येतं आणि पॉवर बीआयचा रिपोर्ट पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर जिवंत बसतो, क्लिक करून मजले फिल्टर करता येतात. डेव्हलपरच्या ऑफिसातल्या मीटिंगला झकास. पण बघणाऱ्याला पॉवर बीआयचं लॉगिन आणि परवानगी लागते आणि इंटरनेट लागतं. स्टिल्ट पार्किंगमध्ये याच्या नादी लागू नका.

दादर_ग्रिडलाइन:

बिमवाला दादा, काल रात्री बसून केलं आणि चाललं!! पाथचा घोळ झालाच, सरांच्या लॅपटॉपवर ड्राइव्हचं अक्षर वेगळं होतं, ते सगळ्यांचं सारखं करून घेतलं. प्लॅनमध्ये भिंत सरकवली, एक्स्पोर्ट, रिफ्रेश, पीपीटी उघडलं तर आकडा बदललेला. खरंच डोळ्यात पाणी आलं.

पण आता नवीन अडचण. त्याच २ बीएचकेला रूम शेड्यूलच्या बेरजेतून ५८.४८ येतंय, म्हणजे ६२९ चौ.फूट, आणि ऑटोकॅडला फ्लॅटभोवती पॉलिलाइन (बंद रेघ) मारून ५९.३८, म्हणजे ६३९. डक्ट तोच, भिंती त्याच. दहा फूट कमी कुठून झाले? हे असं स्लाइडवर गेलं तर आधीपेक्षा वाईट होईल.

गिरगाव_जुना_ड्राफ्ट्समन:

मुली, बरं झालं विचारलंस, कारण लिंक झाली की लोकांचा आकड्यावर आंधळा विश्वास बसतो आणि चुकीचा आकडा आपोआप सगळीकडे पसरतो.

तुझे दहा फूट आतल्या भिंतींत आहेत. रेव्हिटची रूम भिंतीच्या तोंडाशी थांबते, खोल्यांची बेरीज केलीस की मधल्या भिंती सुटतात. रेरा, म्हणजे रिअल इस्टेटचा कायदा, २०१६ चा, त्यातली कार्पेटची व्याख्या वाच, कलम २ मध्ये आहे. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, बाल्कनी, व्हरांडा, उघडी गच्ची वगळायची पण फ्लॅटच्या आतल्या पार्टिशन भिंती मोजायच्या. तुझ्या फ्लॅटमध्ये १०० मिमीची पार्टिशन साधारण ९ मीटर लांब असेल तर ०.९ चौ.मी. झाले, तेच तुझ्या दोन आकड्यांमधलं अंतर. मोजून बघ.

म्हणून रूम शेड्यूल वापरायचं नाही. एरिया प्लॅन कर, "रेरा कार्पेट" नावाची वेगळी एरिया स्कीम (क्षेत्रफळ मोजायची पद्धत), आणि बाहेरच्या भिंतीच्या आतल्या तोंडाने स्वतः बाउंडरी मार, डक्ट बाहेर ठेवून. रेव्हिट भिंतींवरून आपोआप बाउंडरी टाकू का विचारतं तेव्हा नाही म्हण, त्याचे नियम आपल्या रेराचे नाहीत. बाल्कनीला वेगळी एरिया दे. मग एरियाचं शेड्यूल काढून तेच एक्सेलला जोड.

दुसरं असं की टेबलातले सगळे आकडे मॉडेलचे नसतात. सभासदाचं सध्याचं कार्पेट सर्व्हेतून येतं, किती वाढीव देणार ते डेव्हलपरच्या ऑफर लेटरमधून, फंजिबल एफएसआयचे (वरच्या जादा बांधकामाचे) ३५ टक्के मुंबईच्या बांधकाम नियमावलीतून, म्हणजे डीसीपीआर २०३४ मधून. त्यातल्या ३३(७)(ब) या पुनर्विकासाच्या नियमाखाली असेल तर जुन्या बांधकामाच्या १५ टक्के किंवा घरामागे १० चौ.मी., जे जास्त ते जादा, हेही नियमातून. हे एक्सेलमध्ये वेगळ्या रंगात हाताने लिही आणि शेजारी कुठल्या पत्रातून घेतलं ते लिही. मॉडेलच्या आकड्याला हाताने कोणी शिवायचं नाही. सरांनीसुद्धा नाही. सरांना सांगायला जड जातं माहीत आहे, तरी सांग.

आणि तिसरं जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, मीटिंगला जिवंत लिंक घेऊन जाऊ नकोस. तिथे "लिंक अपडेट करू का" असा डबा लोकांसमोर आला आणि कोणी हो म्हटलं, आणि ऑफिसात दुसऱ्या कोणी मॉडेलमध्ये काही ट्राय करत असेल तर? आदल्या दिवशी संध्याकाळी शेवटचं अपडेट करायचं, सेव्ह अ‍ॅज करून वेगळी कॉपी करायची, त्या कॉपीत एडिट लिंक्समध्ये जाऊन ब्रेक लिंक, मग पीडीएफ. प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात तारीख आणि रिव्हिजन नंबर. तीच पीडीएफ सेक्रेटरींना मेल आणि तीच पडद्यावर. डेव्हलपर नेमायच्या सभेचं सहकार कायद्याच्या ७९(अ) च्या गाइडलाइन्सप्रमाणे व्हिडिओ शूटिंग होतं, स्लाइडवरचा आकडा त्यात कायमचा राहतो, चार वर्षांनी पझेशनच्या वेळी लोक तोच काढून दाखवतात.

ठाणे_बिमवाला:

काका, एरिया स्कीमचं मी लिहायलाच विसरलो, आमच्या टेम्प्लेटमध्ये आधीपासून आहे म्हणून डोक्यातच आलं नाही. ताई, चूक माझी, रूम शेड्यूलचा आकडा काढून टाका. काकांच्या तारखेत एक भर, तारीख हाताने टाइप करू नका, एक्स्पोर्टची तारीख एक्सेलच्या "स्लाइड" शीटवर ठेवा आणि तीही लिंक करा. आकडा जुना असेल तर तारीखही जुनीच दिसेल, लगेच कळतं.

दादर_ग्रिडलाइन:

काका, मोजलं. दोन बेडरूममधली भिंत, टॉयलेटच्या दोन आणि किचनची अर्धी, मिळून ८.९५ मीटर भरली. एरिया प्लॅन केला आणि ५९.३८ बरोब्बर आलं, ऑटोकॅडशी जुळलं. बाल्कनी वेगळ्या कॉलममध्ये घेतली. सरांनाही सांगितलं की मॉडेलच्या कॉलमला हात नको, ते म्हणाले शीट लॉक कर आणि पासवर्ड तुझ्याकडेच ठेव.

परवा रविवारी त्याच सोसायटीत पुन्हा मीटिंग आहे. पीडीएफच्या ४२ प्रिंट काढतेय, प्रत्येकाच्या हातात, प्लॅन आणि टेबल एकाच पानावर. डक्ट कुठून कुठे सरकला ते आधीचा आणि आताचा प्लॅन शेजारी ठेवून दाखवणार आहे, आणि त्या काकूंना मीटिंगच्या आधी घरी जाऊन त्यांच्या वहीतला ६४७ कुठून आला होता ते समजावून सांगणार आहे.