मदत हवी आहे: ऊर्जा धोरणात समाजशास्त्राचं काम काय, हे दोन पानांत कसं मांडू?

अर्धपान
नमस्कार. जरा घाई आहे. आमच्या गटाकडे ऊर्जा संक्रमण (कोळसा-तेलाकडून स्वच्छ ऊर्जेकडे जाणं) धोरणाचा मसुदा आहे. बाकी प्रकरणं झाली, 'सामाजिक पैलू' तेवढं माझ्या वाट्याला आलंय आणि सोमवारी समितीपुढे ठेवायचंय. समितीतले एक ज्येष्ठ सदस्य दर बैठकीत विचारतात, "समाजशास्त्र, इतिहास, नीतिशास्त्र यांचं इथे काम काय? लोकांना नीट समजावलं की झालं." त्यांना पटेल असं लिहायचंय. मी विद्युत अभियंता आहे, हा विषय कधी शिकले नाही. सुरुवात कुठून करू? पुस्तकांची यादी नको, तेवढा वेळ नाही.

निळावंती
धोरण कशाचं? वीजनिर्मिती, वाहतूक, की घरगुती इंधन? आणि जागा, तंत्रज्ञान, पैसा यातलं अजून ठरायचं काय बाकी आहे? हे सांगितल्याशिवाय कोण काय सुचवणार?

गणित_पक्कं
एवढ्या खोलात जायची गरज नाही. कार्बनवर, म्हणजे कोळसा-पेट्रोलसारखी इंधनं जाळून होणाऱ्या प्रदूषणावर, कर लावा. किंमत बरोबर ठरली की लोक आपोआप वळतात. अर्थशास्त्र हेही सामाजिक शास्त्रच आहे, तेवढं पुरतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००८ मध्ये असा कर लावला आणि जमा झालेला पैसा इतर कर कमी करून परत दिला. दोन पानं त्यावरच लिहा.

पाचवा_मजला
सौर पॅनेल बसवत असाल तर इन्व्हर्टर सावलीत, हवा खेळती राहील अशा ठिकाणी लावा. तापला की तो स्वतःच वीज कमी देतो. माझ्याकडे दोन वर्षं हीच चूक झाली होती.

निळावंती
@गणित_पक्कं, गोष्ट अर्धीच सांगितलीत. ग्राहकांवरचा तो कर १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकला. आणि फ्रान्स? २०१८ मध्ये इंधनावरचा कर वाढत होता, त्याच वर्षी श्रीमंतांवरचा संपत्ती कर जवळपास स्थावर मालमत्तेपुरता उरला. गाडीशिवाय कामावर जाता येत नाही अशा भागांतले लोक पिवळी जॅकेटं घालून चौकाचौकात उभे राहिले आणि डिसेंबरमध्ये सरकारने पुढची वाढ रद्द केली. कराचं गणित चुकलेलं नव्हतं. तो कुणाच्या खिशातून जातो आणि त्याच वेळी कुणाला सूट मिळते, हे लोकांनी बरोबर पाहिलं होतं.

गणित_पक्कं
राजकारण्यांनी कच खाल्ली, त्यात कराचा काय दोष?

निळावंती
कच का खाल्ली, कुठे खाल्ली, कुठे नाही खाल्ली, याचाच तर अभ्यास राज्यशास्त्र करतं. तो धोरण लिहिण्याआधी वाचायचा असतो.

अर्धपान
सॉरी, लिहायचं राहिलं. एक मोठा पवनऊर्जा प्रकल्प आणि त्यासोबत घरोघरी स्मार्ट मीटर (विजेचा वापर आपोआप कंपनीला कळवणारे). जागा ठरली आहे, पडीक जमीन आहे, त्यामुळे तिथे अडचण नाही. 'लोकांची स्वीकृती कशी वाढवावी' एवढंच मला हवंय.

पाणकळा
पडीक कुणी ठरवलं? तिथे जनावरं चरतात का?

अर्धपान
वर्षातले काही महिने मेंढपाळ येतात. पण जमीन त्यांच्या नावावर नाही.

पाणकळा
मग तुमचं प्रकरण इथेच सुरू होतं. 'पडीक' या शब्दापाशी. हा मातीचा गुणधर्म नाही, कुणीतरी कागदावर केलेलं वर्णन आहे. ज्याची जनावरं तिथे चरतात तो त्या जमिनीला पडीक म्हणणार नाही. शब्द कुठून आला, तो वापरल्याने कोण नकाशावरून पुसलं जातं, हे तपासणं इतिहासकाराचं आणि भाषा जाणणाऱ्याचं काम आहे.

आता हे त्या ज्येष्ठांना सांगा. नॉर्वेतल्या फोसेन भागात सामी या मूळनिवासी लोकांच्या रेनडिअर चराईच्या जमिनीवर १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. वीज सुरू झाली. त्यानंतर, ऑक्टोबर २०२१ मध्ये, नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते परवानेच अवैध ठरवले, कारण सामींच्या संस्कृती जपण्याच्या हक्काचा भंग झाला होता. निकालानंतर ५०० दिवस उलटले तरी चक्क्या फिरतच होत्या, म्हणून तरुण सामी कार्यकर्ते ऑस्लोत मंत्रालयात ठाण मांडून बसले. वाऱ्याचा वेग, पाया, ग्रिड, सगळं नीट मोजलेलं होतं. कळप त्या चक्क्यांच्या जवळ फिरकणार का, हा प्रश्न मात्र वेळेवर ऐकला गेला नाही. 'स्वीकृती वाढवा' असं म्हणता तेव्हा निर्णय आधीच झालेला असतो. सामाजिक शास्त्रं त्या आधी लागतात.

वेलांटी
मसुद्यासाठी एक सूचना. 'ह्युमॅनिटीज'साठी (इतिहास, नीतिशास्त्र, भाषा वगैरे) 'मानव्यविद्या' म्हणावं, 'मानवशास्त्र' नव्हे. मानवशास्त्र ही वेगळी शाखा आहे. मसुद्यात हा घोळ हमखास होतो.

गणित_पक्कं
प्रत्येक ठिकाणी असा अभ्यास करत बसलो तर चक्क्या उभ्या कधी राहणार? तापमानवाढ तोवर थांबणार आहे का? त्यापेक्षा अणुऊर्जा घ्या, जमीनच कमी लागते.

पाणकळा
घाई मलाही आहे. पण उभं करून कोर्टात हरण्यात वेळ वाचत नाही. उलट उदाहरण घ्या, डेन्मार्कचं साम्सो बेट. १९९७ मध्ये नवीकरणीय ऊर्जेचं बेट म्हणून त्याची निवड झाली. जमिनीवर ११ आणि समुद्रात १० चक्क्या लागल्या, आणि शेतकऱ्यांनी, रहिवाशांनी त्यात स्वतःची मालकी घेतली. पुढे डेन्मार्कने कायदाच केला की नव्या पवनप्रकल्पातला किमान २० टक्के हिस्सा स्थानिकांना देऊ करावा; २०२० पर्यंत तो लागू होता. चक्क्या त्याच, फरक मालकीचा.

(अणुऊर्जेसाठी वेगळा धागा काढा, इथे नको.)

शून्य_प्रहर
स्मार्ट मीटरबद्दल कुणीच बोललं नाही. नेदरलँड्समध्ये २००९ साली वरिष्ठ सभागृहाने सक्तीचे स्मार्ट मीटर अडवले. दर काही मिनिटांचा वापर पाहिला तर घरी कोण कधी असतं ते कळतं, ही हरकत होती. पुढे नकार देण्याची मुभा ठेवून कायदा करावा लागला. मीटर उत्तम होता, खासगीपणाचा विचार आधी झाला नव्हता.

आणि 'लोकांना समजावलं की झालं' यावर: कॅलिफोर्नियात सॅन मार्कोस इथे घरांना शेजारपाजारचा सरासरी वीजवापर कळवला. जास्त वापरणाऱ्यांनी कमी केला, पण आधीच कमी वापरणाऱ्यांनी वाढवला! कमी वापरणाऱ्यांच्या कागदावर हसरा चेहरा काढला तेव्हा ती वाढ थांबली. २००७ चा अभ्यास आहे, मानसशास्त्रज्ञांचा. माहिती दिली की माणूस हवा तसा वागतो, हे गृहीतक किती कच्चं आहे ते यातून दिसतं.

अर्धपान
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री लिहिलेलं सगळं काढून टाकलं. पहिल्या पानावर फोसेन आणि साम्सो शेजारी शेजारी, दुसऱ्यावर मीटर. शीर्षकातून 'स्वीकृती' गेली. आणि जागा निश्चित झाल्याचं वाक्य मसुद्यातून काढावं, मेंढपाळांना विचारल्याशिवाय ठेवू नये, अशी शिफारस केली आहे. आमचे गटप्रमुख नाराज आहेत, पण ही शिफारस मी मागे घेणार नाही. आता प्रश्न असा की पुढच्या महिन्यात जनसुनावणी ठेवली तर चालेल का?

निळावंती
जनसुनावणी कुठे? कोणत्या भाषेत? नोटीस कुणाला जाणार?

पाणकळा
त्याआधी हे शोधा की मेंढपाळ त्या भागात कोणत्या महिन्यांत असतात. पुढच्या महिन्यात ते कळप घेऊन दुसरीकडे असतील, तर तुमच्या इतिवृत्तात 'कोणतीही हरकत आली नाही' असं लिहिलं जाईल.